क्लच दाबत जा

तेलगाव
३० जुलै, नागपंचमीचा दुसरा दिवस

विजू,

पत्राच्या सुरवातीला आशीर्वाद लिहायची रीत हाय म्हणून लिहिते. मनातनं न्हाई.

तुझा फोन लागत न्हाई. लागला तर तुझी बायको उचलती आन म्हणती, "ते मीटिंगमध्ये आहेत." मी म्हणलं, रविवारी बी? तर म्हणली, रविवारी बी. म्हणून पोस्टातनं पाकीट आणलं. माझं शिक्षण चौथीपतोर, अक्षर वाकडं हाय. तरी वाच. तुझ्या शिक्षणावर ह्या घराची दोन एकरं गेली, तुला येवढं वाचायला यायला पाहिजे.

काल अंगद पळत आला. आपला चुलतभाऊ कधी चालत येतो का? "अक्का, विजूदादाचा मेसेज!" मी दिंडं करायला बसले होते, पुरणाचे हात तसेच घेऊन उठले. वाटलं, तीन वर्षांनी का होईना, सणाला आठवण आली. अंगद चुलीपशी येऊन वाचायला लागला. "गाडीला गिऱ्हाईक मिळालं आहे. पोळ्याच्या सुमारास माणूस येईल, त्याला चावी द्यावी. त्याआधी क्लच पेडलचा आवाज काढून घ्यावा. व्हिडिओत फार येतोय."

झालं. संपला मेसेज. मी अंगदला म्हणलं, "खाली बघ, अजून काय असंल." तो म्हणला, "खाली काय न्हाई, अक्का."

तिकडनं ओसरीतल्या बाजंवरनं आबा, "काय म्हणतो गं?"

मी म्हणलं, "खुशाल हाय म्हणतो. तब्येत इचारलीय तुमची."

तुझ्यासाठी खोटं बोलले, नागोबाच्या दिवशी.

आता तुला आवाजाचं सांगते, कारण तुला फकस्त अंगदनं काढून धाडलेल्या व्हिडिओतला ठाऊक हाय. तू गेलास त्या दिवशी चावी गव्हाणीवर टाकलीस आन माझ्याकडं न बघता म्हणलास, "अक्का, सोमवारच्या सोमवारी क्लच दाबत जा, न्हाईतर प्लेट चिकटंल." आबाला जप म्हणला न्हाईस. गोळ्या येळेवर दे म्हणला न्हाईस. क्लच दाबत जा. आन मी येडी, दाबत आले. तुझी ती लाल बेडकी गाडी गोठ्यात हाय, जिथं आपली बैलं बांधायचो तिथंच. बॅटरी कवाच मेली. इंजिन मुकं हाय. वरचा कापडी टप फाटला, त्यावर उसाची जुनी ताडपत्री हाय. पर सोमवारी मी आत बसते आन क्लच दाबते, आन ते केकाटतं. कुईंऽऽ कुईंऽऽ. डुकराचं पिल्लू कुंपणात अडकल्यावानी.

आन दर सोमवारी आबा उठत्यात. डोळ्यांत मोतीबिंदू, एका गुडघ्यात पाणी, तरी काठी घेऊन दारापतोर येत्यात. "विजू आला का?" मी म्हणते, "न्हाई, मीच हाय." मंग उंबऱ्यात बसून राहत्यात. जेवायला या म्हणलं तर, "थांब जरा." कुणासाठी थांब? दर सोमवारी हेच. म्हाताऱ्याची ती उठबस मी बघते, तू न्हाई.

म्हणून आवाज काढते मी. तुझ्या गिऱ्हाइकासाठी न्हाई. आबाला उगं उठायला लागू नये म्हणून. एकदा आवाज गेला की म्हातारा बाजंवर निवांत पडंल आन मी बी सुटंन.

अक्का


१० ऑगस्ट, राखीच्या दुसऱ्या दिवशी

विजू,

तू पत्राला उत्तर देणार न्हाईस हे मला ठाऊक होतं. तरी पोस्टमन आला की मी बाहेर येते, ह्याचाच मला राग येतो.

आधी करडईचं तेल घातलं. पेडलच्या बुडाला, जिथं जिथं बोट पोचलं तिथं. दोन दिवस गप राहिलं. मंग गोठ्यातली धूळ त्या तेलावर बसून चिखल झाला आन सोमवारी असं वरडलं की शेजारची भिवराबाई पदर खोचत आली, "कुणाची शेळी व्याली?" आबा त्या दिवशी उंबऱ्याच्या बी पुढं गेले, अंगणात. पडता पडता वाचले.

मंग बंकटला बोलावलं. स्टँडवरचा, ट्रॅक्टर दुरुस्त करतो तो. आला, गाडीभवती एक फेरी मारली, म्हणला, "परदेशी माल हाय अक्का, डोकं लावावं लागंल." डोकं लावायचं तर आधी आत जायला पाहिजे. तुझी गाडी बुटकी आन बंकटचं पोट उंच. स्टिअरिंगखाली डोकं घालायला गेला तर निम्म्यातच अडकला. मी आन अंगदनं पाय धरून वढला त्याला. उठून काय म्हणतो, "गाडीची बनावट चुकलीय."

मंग मीच शिरले. साडीचा काष्टा खोचला, पाठीवर पडले, डोकं खाली पेडलपशी आन पाय शिटावरनं वर आभाळाला. तुझी बहीण, माजी सरपंचाची लेक, ह्या वयात. भिवराबाई बघून हसायली होती. हसू दे.

बंकट बाहेरनं बॅटरी दाखवत हुकूम सोडायला लागला, "स्प्रिंग दिसती का? स्प्रिंगच हाय." स्प्रिंगीला ग्रीस लावलं. केकाटलं. "मंग सिलिंडर असंल. इंजिन खाली घ्यावं लागंल." मी म्हणलं, "बंकट, गप बस, न्हाईतर तुलाच खाली घेते." मी एका हातानं पेडल दाबलं आन दुसऱ्या हाताचं बोट एकेका सांध्यावर ठेवत गेले. मळणीयंत्र आवाज करायला लागलं की मी हेच करते, जिथं बोटाला मुंग्या येत्यात तिथं दुखणं असतं. पेडल ज्या पिनंवर झुलतं तिथं बोट ठेवलं, तर बोट थरथरलं. पिन ठोकून काढली. आत प्लास्टिकचा बुश हाय, बांगडीवानी गोल. तो चिरून गेलेला, निम्मा झिजलेला. लोखंडावर लोखंड घासत होतं. येवढंच. करंगळीयेवढ्या वस्तूनं सगळ्या गल्लीला तीन वर्षं बेजार केलं.

बंकट म्हणला, "मी तेच म्हणत होतो."

अंगदनं मोबाइलवर बघितलं, तसला बुश आता कुठं मिळत न्हाई. उद्या जुना घेऊन माजलगावला जाते, लेथवाल्याकडनं तसाच कातून आणते.

आता राखीचं. म्हणशील, अक्कानं ह्या वर्षी राखी धाडली न्हाई. धाडली न्हाई. मागच्या दोन धाडल्या त्याची पोच न्हाई. ह्या वर्षीची गाडीच्या गिअरला बांधली. तो दांडा तरी हाताला लागतो.

आन अजून एक लिहायचं हाय, ते लिहिल्याशिवाय माझा राग उतरणार न्हाई. पंचायत समितीच्या टायमाला पारावर जे झालं ते तू तुझ्या बायकोला काय सांगितलंस मला ठाऊक न्हाई. तू ती लाल गाडी घेऊन आलास, गॉगल लावून, आन म्हणलास मी उभा राहतो. आबा सगळ्या गावासमोर म्हणले, "ह्या गाडीत दोनच माणसं बसत्यात. तू आन तुझा तोरा. मतदार कुठं बसवणार?" लोक हसले. मी बी हसले. हसण्यासारखंच होतं ते, विजू! तेवढ्यावर तू बॅग उचललीस, एसटीत बसलास. बापानं एक टोमणा मारला. तू त्याला तीन वर्षं मारायलास.

त्यानंतर आबा पारावर एकदा बी गेले न्हाईत. हे तुला कुणी सांगितलं न्हाई, कारण तू कुणाला इचारलं न्हाईस.

अक्का


१४ ऑगस्ट

विजू,

आवाज काढ म्हणलास. काढला. घे.

माजलगावच्या लेथवाल्यानं नायलॉनचा बुश कातून दिला. मी सोमवारी दुपारी येऊन बसवला, ग्रीस भरलं, पिन ठोकली. दाबलं. काय न्हाई. लोण्यात सुरी गेल्यावानी. दहा वेळा दाबलं, मलाच खरं वाटंना. अंगदनं तुला मेसेज केला, तू उत्तराला अंगठा धाडलास. शब्द बी न्हाई. मी चौथी शिकले तरी सही करते, आन तू येवढा शिकून अंगठा.

गोठ्यातनं मी खुशीत बाहेर आले. बघितलं तर आबा बाजंवर बसलेले. उठले न्हाईत. मी मनात म्हणलं, सुटले बाबा.

चार वाजले, पाच वाजले, आबा तसेच बसून. कान गोठ्याकडं. दिवा लावायच्या येळी म्हणले, "तुळजे, आज सोमवार न्हाई का?"

"हाय की."

"मंग दाबला न्हाईस?"

"दाबला. आवाज गेला आता. बुश बदलला."

त्यांनी काठी चाचपून जवळ घेतली. मंग म्हणले, "कितीला दिली?"

मी म्हणलं, "कुणी दिली? काय दिली? गाडी गोठ्यातच हाय, चला दाखवते." हात धरून नेलं. ताडपत्री काढली. त्यांनी बॉनटवर हात फिरवला, दारावर फिरवला, वाकून पेडल हातानं दाबलं. दोनदा. आन म्हणले, "बैल बाजाराला न्यायच्या आधी शिंगं साळत्यात, तेल लावत्यात, खुरं घासत्यात. मला शिकवतीस का? तीन वर्षं हिच्याकडं कुणी बघितलं न्हाई आन आज अंगावर हात फिरला. विकली त्यानं."

मी ताडपत्री वढून परत टाकली.

मंग मी चिडले. म्हणलं, "आबा, बरंच झालं न्हाई का? दर सोमवारी उठायचे, दारात जायचे, तो आला वाटायचं तुमाला. मी त्यासाठीच केलं."

तर मला काय म्हणले ऐक. "येडी हायेस का गं? तू दाबतीस हे मला कळत न्हाई व्हय? तुझा पाय आखूड. निम्म्यात थांबतीस आन मंग जोर लावतीस. आवाज दोन तुकड्यांत येतो. तो दाबायचा तर एका दमात, लांब. पारापतोर ऐकू यायचा."

"मंग उठायचे कावून?"

"गाडी दारात हाय हे कळायचं. गाडी दारात हाय तवर कधी न कधी न्यायला येणारच की तो. आन एखाद्या सोमवारी आवाज एका दमात आला तर? मी आपला पडून राहू?"

विजू, तीन वर्षं मला वाटलं म्हातारा फसतोय. म्हातारा फसत नव्हता. त्याला फकस्त तुझी गाडी अजून आपल्या दारात हाय येवढं ऐकायचं होतं. ते बी तुला खुपलं. व्हिडिओत फार येतोय म्हणे.

त्या दिवसापासनं आबा भाकरीला हात लावत न्हाईत. दूध दिलं तर दोन घोट. तोंड भिंतीकडं. काल डॉक्टर आणला, त्यानं छातीला नळी लावली, बाहेर येऊन म्हणला, "हृदय थकलंय त्यांचं. औषध देतो, पण खाल्लं न्हाई तर औषध काय करणार? मुलाला बोलवून घ्या." मी म्हणलं, मुलगा मीटिंगमध्ये हाय.

गाडी इकायची ती इक. तुझी हाय. पर बापाला न दाखवता, मधल्या माणसाच्या हातनं, चोरावानी? येवढी कसली दुश्मनी रे, एका टोमण्याची?

मला शिव्या लिहायच्या होत्या. अंगदनं पाकिटात बघितलं तर लाजंल म्हणून लिहित न्हाई. तू समजून घे.

अक्का


२१ ऑगस्ट, खांदमळणी, पोळ्याचा आदला दिवस

विजू,

हे पत्र पोस्टानं न्हाई. अंगद आज संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला निघालाय, त्याच्या कामासाठी. त्याच्या खिशात देते. उद्या सकाळी तो तुझ्या दारात उभा राहील आन तू वाचंस्तवर तिथनं हलणार न्हाई. मी त्याला शपथ घातलीय.

तुझं गिऱ्हाईक काल आलं होतं. गाड्या वाहायचा टेम्पो घेऊन, हाफ चड्डी घालून. मला म्हणला, "आंटी, चावी." मी म्हणलं, बसा, चहा घ्या. तो चहा पीस्तवर मी गोठ्यात गेले, पाठीवर पडले, पिन ठोकली, नवा बुश काढला आन तुझा जुना चिरलेला परत घातला. ग्रीस साडीच्या पदरानं पुसून काढलं. नवी साडी होती. जाऊ दे.

तो आला, आत बसला, क्लच दाबला. कुईंऽऽ कुईंऽऽ.

"आंटी, हा तर काढून देणार होते."

"काढला होता. परत आला."

"म्हणजे?"

"म्हणजे ही अशीच हाय. हिला मालक लागतो. मालकाला घेऊन या, तो सोतः दाबून दाखवंल, सोतः चावी दील. माझ्या हातनं ही गाडी ह्या गोठ्याबाहेर जाणार न्हाई. टेम्पो जरा मागं घ्या, माझी म्हैस यायचा टाइम झालाय."

त्यानं तुला फोन लावला. त्याचा लगेच लागला! तुझा आवाज मी ऐकला फोनातनं, तीन वर्षांनी. तू वरडत होतास. मी फोन मागितला तर तू कट केलास. केलास ना? खोटं बोलू नकोस.

तो गेला, शिव्या देत. मी वळून बघते तर दारात आबा. बिनकाठीचे. चौकटीला धरून उभे.

"कोण दाबत होतं?"

"एक पाव्हणा."

"म्हणूनच. आवाज कच्चा होता." आन मंग म्हणले, "परत केकाटायली का ती?"

"परत केकाटायली."

"भाकर हाय का?"

अर्धी भाकर खाल्ली, दुधात कुस्करून. मी चुलीकडं तोंड करून बसले. धूर फार झाला होता.

आता आजचं. सकाळीच आबा म्हणले, "तुळजे, आज खांदमळणी. तूप आन हळद काढ." मी म्हणलं, आबा, बैलं कुठायत? ट्रॅक्टर आल्यापासनं दावणीला बैल न्हाई. मातीची जोडी आणते, उद्या पुजू. तर म्हणले, "काढ म्हणलं ना." वाटीत तूप-हळद कालवून दिली. हात धरून गोठ्यात नेलं. मला वाटलं गव्हाणीला लावतील. तर गाडीचं दार उघडायला लावलं, गुडघा दुखत असताना खाली बसले, हात आत घातला आन चाचपत चाचपत क्लचच्या पेडलला तूप-हळद चोळली. बैलाच्या खांद्याला चोळतो तशी, दोन्ही अंगांनी, हळूहळू.

मी म्हणलं, "आबा, तिथं कावून?"

"जिथं ओझं पडतं तिथंच लावायचं असतं. जू बैलाच्या खांद्यावर पडतं. हिचं इथं पडत होतं, पोराच्या पायाचं."

आन मंग त्या लोखंडाला म्हणले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

बैलाला म्हणायचं वाक्य. गाडीला म्हणले. विजू, मी तिथं उभी होते आन मला असा राग आला, असा राग, की वाटलं घण घेऊन तुझ्या त्या बेडकीचा चेंदा करावा. बापानं आवतन द्यायचं आन ऐकायला लोखंड! गाडी जेवायला येणार हाय का? पुरणाची पोळी गाडीला चारू का मी?

तर आता नीट ऐक. चावी माझ्याकडं न्हाई. चावी मी आबाच्या कमरंच्या करदोट्याला बांधलीय, तीन गाठी मारून. ती सोडायची तर त्यांच्यापुढं वाकावं लागतंय. वाकलास की त्यांचा हात आपोआप पाठीवर येतो, तुला ठाऊक हाय. मंग गाडी ने, इक, जाळ, मला काय बी करायचं न्हाई. नवा बुश गव्हाणीत ठेवलाय, तो बी ने.

आता सकाळ असंल तुझ्याकडं. आत्ता निघालास तर दिवस मावळायच्या आत पोचतोस. पोळा तवाच फुटतो. मी पुरण घातलेलं असंल, कटाची आमटी केलेली असंल तुझ्या आवडीची, आन तुझी बायको आली तर तिला बी मी काय बोलणार न्हाई. बोलले तर थोडंच.

माफी मागू नको. तुला यायची न्हाई, त्यांना ऐकायची न्हाई. दारात हाक बी मारू नको. सरळ गोठ्यात जा, गाडीत बस. पेडलला तूप लागलंय, पाय सरकंल, जपून. मंग दाब. एका दमात, लांब, तुझ्या पद्धतीनं.

आवतन तुला पोचलंय. उद्याची वाट म्हातारा दारात बसून बघायलाय.

अक्का